वजन ५९ किलो, तरी शुगर बॉर्डरवर. भात सोडू का?

उंची पाच फूट सात, वजन ५९, शाकाहारी, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज) ६.३. तुम्ही दिलेले आकडे एके काळी जवळपास माझेच होते. म्हणून भाताचं जरा मागाहून बोलू.

मला शुगर निघाली २०१२ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी. त्या दिवाळीला सासुरवाडीत सगळे जमलेले. माझ्या ताटलीतली करंजी उचलत साडूभाऊ म्हणाले, "काडीला मुंग्या लागल्या म्हणायच्या!" ते स्वतः ९४ किलो, शुगर नॉर्मल. मी चोरून गोड खातो असा निकाल तिथल्या तिथे लागला आणि तो आजही कायम आहे.

पुढे मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल वाचायला लागलो. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने बायकांच्या नोंदी ठेवल्या, त्याही दिवस जाण्याच्या आधीपासून. काय खातात, किती राबतात, बाळ किती भरलं. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला ३.५. इथवर कुणी सुईणसुद्धा सांगेल. पण कातडीची घडी चिमट्यात धरून चरबी मोजली तेव्हा दिसलं की पोट, दंड सगळं बारीक, पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला काटकुळं बाळ, आत चरबी राखून असलेलं.

याज्ञिकांनी स्वतःलाही सोडलं नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिनसोबत स्वतःचा फोटो छापला. (साखरेविरुद्ध लिहिणारे प्रसिद्ध युडकिन वेगळे, ते १९९५ मध्येच गेले.) दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

तो फोटो मी प्रिंट काढून ठेवला आणि साडू घरी आले तेव्हा त्यांच्यापुढे धरला. सोबत बाळांचंही सगळं सांगितलं. माणूस हुशार. म्हणाले, "म्हणजे आता आईवर ढकला."

आई आत भाकरी थापत होती. बहात्तरच्या दुष्काळात मी तिच्या पोटात होतो आणि ती खडी फोडायला जायची. खायला मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी आणि कामावर वाटायचे ती सुकडी. ती पिठाच्या हातानेच दारात आली आणि म्हणाली, "सुकडी मी थोरलीला घालायची. तिला न्हाई साखर."

पुन्हा आत गेली. साडू गप्प. मीही.

मी आईवर काही ढकललं नव्हतं, हे त्या दिवशी बोलायला हवं होतं. त्याच सहा गावांत दिसलं की ज्या बायका जास्त कष्ट करत, त्यांची बाळं लहान भरत. आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा पालेभाजी, दूध, फळं मिळाली का, याचा संबंध जास्त दिसला. दुष्काळी कामावर फळं कोण देणार होतं? दोष द्यायचाच तर मुकादमाला द्या, सरकारला द्या.

आता तुमचं. ६.३ म्हणजे अजून डायबेटिस नाही, तो ६.५ पासून. वजनकाटा माळ्यावर टाका आणि कमरेला टेप लावा. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत राहायला सांगतात. भात सोडू नका, अर्धा करा. पण वरणभात, पोळी आणि बटाट्याची भाजी याला शाकाहार म्हणणं सोडा, तो पिष्टाहार झाला. आपल्या ताटात पालेभाजी लोणच्याएवढी असते आणि वर आपणच मांसाहारी लोकांना आरोग्य शिकवतो.

आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. त्या गावांतल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट (पालेभाजीतलं दुसरं एक बी जीवनसत्त्व) जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देणारं शरीर सर्वांत ठळक दिसलं. उद्या मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झाली तर त्यानेही बी-१२ घटतं. माझ्या पायांच्या मुंग्या कित्येक वर्षं शुगरच्या खात्यावर जमा होत होत्या. शेवटी तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. ताकावर भागेल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ताकात ते असतं, पण आपल्याकडे ताक म्हणजे किती पाणी हे तुम्हाला माहीत आहे.

एक राहिलं. या नोंदींतून संबंध दिसतो, प्रत्येक माणसाचं कारण सिद्ध होत नाही. बी-१२च्या गोळीने शुगर उतरते असंही मी म्हणत नाही, आणि कुठलीही गोळी माझ्या सांगण्यावरून चालू किंवा बंद करू नका. १९७३ साली मला कुणी तराजूत घातलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या बाबतीत आईचं आणि साडूंचं, दोघांचंही खोडायला माझ्याकडे कागद नाही.

साडूंची शुगर अजून नॉर्मल आहे. दर फोनला सांगतात.