आकाशगंगा एकच, बाकीच्या दीर्घिका

प्रश्न असा आहे: "जेम्स वेब दुर्बिणीच्या बातम्यांत 'विश्वातल्या पहिल्या आकाशगंगा' असं वाचलं. आकाशगंगा बरोबर की दीर्घिका? आणि अशा एखादीला 'सर्वात जुनी' म्हणावं का?"

दीर्घिका, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेला अब्जावधी तारे आणि वायू यांचा पसारा, इंग्रजीत 'गॅलक्सी'. 'अब्जावधी आकाशगंगा' ऐकून ऐकून कान किटले आहेत. नदी हे सामान्यनाम, गंगा हे विशेषनाम, हे आपण शाळेत घोकलं. 'युरोपातल्या गंगा' असं कुणी म्हणत नाही, मग 'विश्वातल्या आकाशगंगा' कशा चालतात? सूर्य जिच्यात आहे त्या एका दीर्घिकेचं नाव आकाशगंगा. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी (अँड्रोमेडा) ही आकाशगंगा नव्हे, ती दीर्घिका. ('तारकासमूह' तर नावच काढू नका. मृग, वृश्चिक हे तारकासमूह.)

यावर ठरलेला बचाव येतो: इंग्रजीतही 'गॅलक्सी' हे आधी एकीचंच नाव होतं, ग्रीक 'गाला' म्हणजे दूध, त्यावरून आलेलं, मग ते सगळ्यांना लागलं, तसं आपणही करू. इतिहास बरोबर आहे. १९२३ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला देवयानीत एक रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा सापडला, त्यावरून अंतर निघालं आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे कळलं. एकीच्या अनेक झाल्या आणि नावाचं अनेकवचन करणं भाग पडलं. पण इंग्रजीला पहिलं अक्षर मोठं-लहान करून 'ती आपली' आणि 'ही कुठलीही' हा फरक दाखवता येतो. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. आपल्याला दोन शब्दच लागतात, आणि सुदैवाने ते आहेत.

आता दीर्घिका. 'दीर्घ म्हणजे लांब, म्हणून लांबट दिसणारी ती दीर्घिका' एवढ्यावर बहुतेकजण थांबतात. काही तर 'दीर्घवर्तुळाकार म्हणून दीर्घिका' असं छातीठोकपणे सांगतात. हे साफ चूक आहे. दीर्घवर्तुळाकार हा दीर्घिकांचा फक्त एक प्रकार. ही व्युत्पत्ती खरी मानली तर 'सर्पिल (चक्राकार वळलेल्या फाट्यांची) दीर्घिका' हा वदतोव्याघात ठरेल, आणि आपली आकाशगंगा सर्पिलच आहे.

दीर्घिका हा दुर्बिणीपेक्षा कितीतरी जुना शब्द आहे आणि तो पाण्याचा आहे. 'वापी तु दीर्घिका' असं अमरकोश सांगतो: लांबट जलाशय, बांधीव तळं. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात ओस पडलेल्या अयोध्येचं वर्णन आहे. जे पाणी स्त्रियांच्या हाताच्या थापेने मृदंगासारखं घुमायचं, त्यावर आता रानम्हशी शिंगं आपटतात आणि ते आक्रोश करतं. ते पाणी दीर्घिकांचं.

आणि आता माझा सर्वात आवडता पुरावा. त्याच अमरकोशाच्या स्वर्गवर्गात आकाशातल्या गंगेची नावं आहेत: 'मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका'. सुरदीर्घिका! देवांचं तळं! म्हणजे दीर्घिका हा शब्द आकाशगंगेच्या नावातच बसलेला होता. त्यातला 'सुर' काढला की विशेषनामाचं सामान्यनाम होतं. देवांची ती एक, बाकीच्या नुसत्या दीर्घिका. शब्द घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हीच ओळ होती असं माझं ठाम मत आहे. निव्वळ लांबीवरून नाव द्यायचं असतं तर तळ्याचाच शब्द कशाला उचलला असता?

अर्थाच्या अंगानेही तो चपखल बसतो. आरंभीच्या विश्वात हायड्रोजन आणि हेलियम वायू जवळजवळ सारखा पसरला होता. जिथे कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून कळणारं द्रव्य) किंचित दाट, तिथे गुरुत्वाकर्षणाचा खळगा पडला. पाऊस पडून गेल्यावर पाणी उताराने खळग्यात साचतं, तसा वायू त्यात उतरत गेला, निवला, दाट झाला आणि त्यात तारे पेटले. नदी वाहून जाते, तळं साठवून धरतं. दीर्घिका म्हणजे साठलेला वायू आणि त्यातले तारे. 'आकाशगंगा' हे नाव रात्रीच्या आकाशातल्या दुधाळ पट्ट्याकडे आतून बघणाऱ्याचं. लांबून बघणाऱ्याला तळंच दिसणार.

राहिलं 'सर्वात जुनी'. २०२४ मध्ये जाहीर झालेली जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका घ्या. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. तिचा जो प्रकाश वेबने टिपला तो महास्फोटाला ३० कोटी वर्षंही झाली नव्हती तेव्हा निघालेला. म्हणजे जुना आहे तो प्रकाश. चित्रातली दीर्घिका कोवळी आहे, अवघी सोळाशेएक प्रकाशवर्षं रुंद. आपली आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षांची. 'पहिली' म्हणायचीही सोय नाही, कारण चिलीतल्या आल्मा दुर्बिणींना २०२५ मध्ये तिच्यात ऑक्सिजन सापडला. महास्फोटात ऑक्सिजन तयार झाला नाही, तो ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. म्हणजे त्याआधी तिथे ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून विझली होती.

तेव्हा त्या बातमीत 'विश्वातल्या पहिल्या आकाशगंगा'च्या जागी 'आरंभीच्या विश्वातल्या दीर्घिका' असं हवं होतं.