डिप्रेशनच्या गोळ्यांनी बरं वाटतंय, पण पुन्हा तसंच होऊ नये म्हणून घरच्या घरी काय करता येईल?

भाऊ, पेरणी जवळ आली की तुमच्या छातीत धडधड सुरू होते, गेल्या साली झालं ते पुन्हा होईल अशी धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. माझंही दुखणं हेच, वावर यवतमाळ जिल्ह्यात. गोळ्यांच्या जोडीला मला कामी आली ती एक वही. ती बरं असतानाच लिहायची. मन बसलं की पेनही धरवत नाही.

ही पद्धत १९९७ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेरी एलन कोपलँड आणि असं दुखणं सोसलेल्या माणसांनी मिळून बसवली. तिला 'रॅप' म्हणतात, म्हणजे 'वेलनेस रिकव्हरी ॲक्शन प्लॅन', बरं राहायचा आपला आराखडा. भोगलेल्यांनी केलेली आहे, म्हणून मला ती पटली.

आधी रोजचं लिहा: गोळी, वावरात एक चक्कर, दोन वेळचं जेवण, वेळेवर झोप. मग तुम्हाला कशाचा घोर लागतो ते. सोसायटीची नोटीस, पावसाचा खंड, पडलेला कापसाचा भाव, जे असेल ते.

पुढचं पान मात्र निवांत लिहा, सुरुवातीच्या खुणांचं. 'उदास वाटतं' एवढ्यानं भागत नाही, घरच्यांना दिसेल असं लिहा. माझ्या खुणा: पहाटेच जाग येते, गावचा पार टाळून मागच्या गल्लीनं जातो, चहा अर्धा टाकतो. चहाचं माझ्या ध्यानातही नव्हतं, ते बायकोनं लिहायला लावलं. दोन खुणा एकदम दिसल्या की तिनं मला डॉक्टरांकडे न्यायचं, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, असं आमचं ठरलंय.

एक पान फार बिघडलं तर काय करायचं त्याचं. सोबत कोणी थांबायचं, कोणत्या गोळीचा त्रास होतो, कोणाला घरी बोलवायचं नाही. उपचाराबद्दल अशी इच्छा आधीच लिहून ठेवायचा आणि आपला प्रतिनिधी नेमायचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलाय.

आणि फवारणीचं औषध घरात ठेवूच नका. माझं भावाच्या गोठ्यात कुलपात असतं, किल्ली त्याच्याकडे. मरणाचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्यात डबा हाताशी नसला तर माणूस वाचतो.

तसे विचार आत्ताच येत असतील तर वही राहू द्या. घरातल्या कोणाला तरी जवळ बसवा आणि टेलिमानसला, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही सुरू असतं.