मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या दगडी पात्यांचा दगड कुठल्या डोंगरातला, हे नुसतं बघून कळतं की यंत्रच लागतं?

यंत्र लागतंच. पण ते चालवणाऱ्याला दगड कळत नसेल तर उपयोग शून्य.

मी भूशास्त्राचा. अमेरिकेत पीएचडी करताना बेलिझमधल्या एका उत्खननातली ऑब्सिडियनची, म्हणजे ज्वालामुखी काचेची पाती एक्सआरएफने (क्ष-किरण टाकून दगडातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राने) तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तो सखल भाग मुख्यतः चुनखडीचा, ज्वालामुखी काच तिथली नव्हेच. प्रत्येक तुकडा बाहेरून आलेला. हिरवी पाती कुणीही ओळखेल: मेक्सिकोतल्या पाचुकाची, हजार किलोमीटरहून लांबची. भांडण करड्या पात्यांचं. ती बहुतेक ग्वाटेमालातली, म्हणजे एल चायाल, इश्तेपेके नाहीतर सान मार्तिन हिलोतेपेके या खाणींतली.

आमचे प्रोफेसर पुरातत्त्ववाले. यंत्र पात्याला लावायचं, बटण दाबायचं, स्क्रीनवर येईल ते नाव उतरवून घ्यायचं, एवढीच त्यांची पद्धत. अहो, पण पाती मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची! क्ष-किरण आरपार जातात, आकडे कमी येतात आणि झिर्कोनियम या मूलद्रव्याचा आकडा तर इतरांपेक्षा जास्तच घसरतो. इश्तेपेकेची ओळखच मुळी भरपूर झिर्कोनियम. तेच घसरल्यावर सॉफ्टवेअरने बेधडक ‘एल चायाल’ दाखवलं. मी पाती खिडकीशी धरली, तर कोऱ्या चहासारखी तपकिरी झाक. गुणोत्तर काढलं: एल चायालमध्ये रुबिडियम हे दुसरं मूलद्रव्य झिर्कोनियमपेक्षा जास्त असतं, इश्तेपेकेत उलट. इथे झिर्कोनियमच सरळसरळ जास्त होतं, म्हणजे इश्तेपेके. यावर प्रोफेसर काय म्हणाले? “तुला दगड कळतात, माया कळत नाहीत.” अहवालात सगळं एल चायाल छापलं गेलं.

याने फरक पडतो. माया संस्कृतीच्या अभिजात काळात (साधारण इ.स. २५० ते ९००) एल चायालचा माल जास्त, नंतरच्या काळात इश्तेपेकेचा. एल चायालचा माल आतल्या वाटेने जायचा, इश्तेपेकेचा ग्वाटेमालातल्या मोताग्वा नदीने उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ नॉर्मन हॅमंड यांनी १९७२ मध्येच केली होती. खाणीचं नाव चुकलं की व्यापाराची वाटही चुकली आणि कदाचित काळही.

चर्टचं, म्हणजे गारेसारख्या दुसऱ्या पात्यांच्या दगडाचं तर विचारूच नका. एकाच ठिकाणच्या दोन गोळ्यांची रसायनं जुळतील याची खात्री नाही, त्यामुळे छातीठोक खाण सांगणारा दिसला की मी पान उलटतो.

तुम्ही या विषयात उतरणार असाल तर आधी भूशास्त्र करा, माया संस्कृती मागाहून वाचता येते. कुठलाही अहवाल हातात आला की पात्यांची जाडी आणि मूळ आकडे दिलेत का ते बघा. नुसती खाणींची नावं असतील तर ईमेल करून आकडे मागा. टाळाटाळ झाली तर काय ते समजा.

एक राहिलंच. वर्षानुवर्षं पाती हाताळलेली माणसं ग्वाटेमालाचे हे तीन प्रकार नजरेने बऱ्यापैकी बरोबर वेगळे करतात, आणि हजारो तुकडे असतील तेव्हा तेच परवडतं. पण त्यांनाही नमुन्यादाखल काही पाती यंत्राखाली घालावीच लागतात. आणि जाड तुकड्यावर प्रोफेसरांची बटण-पद्धत ठीक चालते, हेही खरं.