पायलट व्हायचंय? शेत विकायचं नंतर बघू

बेळगावच्या सांबरा विमानतळाचं विमान डोक्यावरून गेलं की अजून मान वर होते म्हणालास. माझंही तसंच होतं. आता ७०-७२ सीटांचं एटीआर, म्हणजे छोट्या मार्गांवरचं पंख्याचं विमान, उडवतो, म्हणून सुरुवातीपुरतं सांगतो.

आधी मेडिकल, म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी. क्लास २ आणि मग क्लास १ चं सर्टिफिकेट हातात पडल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला रुपया देऊ नको. आमच्यातल्या एकानं अर्धी फी भरली आणि रंग ओळखण्यात अडकला. फी एकरकमी तर नकोच. उडलेल्या तासांप्रमाणे हप्ते माग.

सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, उड्डाणाचे २०० तास लागतात, पण लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक विमान उडवायच्या ट्रेनिंगचा, खर्च बऱ्याचदा आपल्याच खिशातून, आणि मध्ये वर्ष-दोन वर्षं रिकामी जाऊ शकतात. कर्ज काढताना हे धरून चाल.

छोट्या मार्गांचा फायदा म्हणजे दिवसात चार-चार लँडिंग. जुलैत ढग खाली आलेले, वायपर फटफटतोय, ठरलेल्या उंचीला धावपट्टीचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही तर गुमान परत वर. हात असाच बसतो. तोटे? मोठ्या जेटपेक्षा पगार सहसा कमी, पहाटे तीनचा गजर, आणि गणपतीला घर नाही. आई अजून विचारते, "बेळगावची ड्युटी लागत नाही काय रे?"

एटीपीएल हे वरचं लायसन्स, त्याचे १५०० तास, कमांड म्हणजे कॅप्टन होणं, हे आत्ता डोक्यात घेऊ नको. बारावीला फिजिक्स-गणित होतं ना, तेवढं कळव.