ओल्या बाळंतिणीला एनआयसीयूतलं बाळ दाखवावं का?

"सुनेला आत्ता काही दाखवू नका मॅडम. धसका घेईल, दूध आटेल." आजींना खरोखरच काळजी होती. सुनेचं सिझेरियन तालुक्याच्या गावी झालं होतं आणि ती तिथेच अ‍ॅडमिट होती. ३० आठवड्यांतच जन्मलेलं बाळ १०८ अँब्युलन्सने आमच्याकडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझं मत ठाम आहे: दाखवावं, पण आधी तयारी करून. आपण लपवलं म्हणून आईचं मन शांत राहत नाही. ही आई तर नवऱ्याला रोज विचारत होती, "खरं सांगा, बाळ आहे ना?"

आधी मी साधा फोन लावला. "ताई, काय दिसेल ते सांगते. नाकाला सीपॅप आहे, श्वासाला आधार म्हणून. तोंडातली बारीक नळी दुधाची. पायाला लाल दिवा दिसेल, तो ऑक्सिजन मोजतो, टोचलेला नाही." मग सिस्टरने स्वच्छ कव्हरमधल्या फोनवर व्हिडिओ कॉल जोडला आणि आधी पावलं दाखवली, मग चेहरा. तेवढ्यात अलार्म वाजला, आई दचकली. बाळाने पाय झाडल्याने सेन्सर सरकला होता. सिस्टरने तो तिच्यासमोरच नीट लावला. बराच वेळ बघून तिने विचारलं, "टोपी कुणी घातली?" मग हळूच "सोन्या" म्हणाली.

या वयाच्या बाळाला ऐकू येतं, आणि आईचा आवाज त्याने पोटातही ऐकलेला असतो. फक्त आवाज बारीक ठेवावा, स्क्रीन बाळाच्या डोळ्यांसमोर धरू नये. स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नयेत, हे मी घरच्यांना बजावून सांगते.

राहिलं दूध. धसक्याने पान्हा थोडा वेळ अडखळतो, पण दूध कमी होतं ते मुख्यतः वेळेवर न काढल्याने. दिवस-रात्र मिळून आठ वेळा तरी, हाताने किंवा पंपाने काढावं. काढताना बाळाचा फोटो समोर असला तर पान्हा फुटायला मदतच होते. आजींना हे पटलं, आणि पुढे दूध काढायच्या वेळा त्याच फोन करून सुनेला सांगू लागल्या.

तुमच्याकडे अशी सोय नसेल तर राउंड झाल्यावर इन्चार्ज सिस्टरना विचारा आणि वेळ ठरवून घ्या. एखाद्या दिवशी कॉल पुढे ढकलला, तर तेव्हा आत काही काम चालू असेल. लगेच बाळाचं बिघडलं असं समजू नका. मोकळेपणाने विचारा, सिस्टर सांगतील.