दीर्घिकासमूहातले वैश्विक किरण: सुरुवात कुठून करावी

परभणीत बसून हा विषय धरलास, फार बरं वाटलं. आधी एक गैरसमज काढ: वैश्विक किरण हा प्रकाश नव्हे, ते जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन असतात. दीर्घिकासमूहातल्या (गुरुत्वाने एकत्र बांधलेल्या अनेक दीर्घिकांच्या गटातल्या) तप्त वायूचा क्ष-किरण प्रकाश वेगळा. नवखे इथंच घोटाळा करतात.

आता खरं कोडं. मे महिन्यात रात्री अरुंधती केश हा तारकासमूह डोक्यावर येतो ना, तिथल्या कोमा दीर्घिकासमूहात लाखो प्रकाशवर्षं पसरलेली रेडिओ आभा, म्हणजे रेडिओ लहरींची मंद चमक, आहे. ती देणारे इलेक्ट्रॉन साधारण १० कोटी वर्षांत ऊर्जा गमावतात. गुंतलेल्या चुंबकीय क्षेत्रातून तेवढ्या वेळात फार लांब जाऊच शकत नाहीत. म्हणजे त्यांना जागेवरच वेग मिळतो. समूह एकमेकांवर आदळले की वायूत उठणाऱ्या धक्कालहरी आणि खळबळ, हे मुख्य उत्तर. मूळ कण कृष्णविवरांचे झोत आणि सुपरनोव्हाही (ताऱ्यांचे स्फोट) पुरवतात.

प्रोटॉन मात्र अब्जावधी वर्षं टिकतात, समूहातच साठतात.

सुरुवातीला एवढंच कर:
- इलेक्ट्रॉन-प्रोटॉनचा हिशोब वेगळा ठेव.
- खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ आभांची चित्रं बघ.

समीकरणं सध्या राहू दे. अडलास तर बिनधास्त विचार.