चित्रे विकली जात नसताना उमेद कशी टिकवावी?

आपण लिहिले आहे की कलाशिक्षण पूर्ण होऊन ४ वर्षे झाली, राज्य कला प्रदर्शनासाठी पाठवलेले काम दोनदा नाकारले गेले, या काळात जेमतेम ३ चित्रे विकली गेली आणि घरची मंडळी आता नोकरीचा आग्रह धरत आहेत. अशा स्थितीत धीर आणि उमेद कशी टिकवावी, हा आपला प्रश्न आहे. मी कोल्हापुरात शिकले आणि गेली २२ वर्षे जलरंगात निसर्गचित्रे करते आहे. त्यांपैकी ११ वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवत होते, त्यामुळे आधी नोकरीविषयीच लिहिते.

नोकरी पत्करणे म्हणजे कलेशी प्रतारणा, असे आपल्याला वाटत असेल, तर तो विचार कृपया मनातून काढून टाका. घरभाड्याचा भार चित्रावर पडला की हात बिचकतो, हे मी अनुभवले आहे. पंचगंगेच्या घाटावरील संध्याकाळचे माझे एक चित्र विकले गेले, तेव्हा त्याच जागेची, त्याच पिवळ्या उजेडाची मी आणखी १४ चित्रे केली, कारण विकले जाणारे तेवढेच मला ठाऊक होते. त्या चौदांपैकी एकही आज माझ्या भिंतीवर नाही. शाळेचा पगार सुरू झाल्यावरच मला पुन्हा हवे ते काढता येऊ लागले. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी १९५९ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण पूर्ण केल्यानंतर हातमाग विणकरांसाठीच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या सरकारी केंद्रात अनेक वर्षे नोकरी केली. याच नोकरीमुळे ते वाराणसीला राहिले आणि तिथे झालेला तंत्रसाधनेच्या परंपरेतील चिन्हांचा परिचय पुढे त्यांच्या चित्रांत उतरला. त्यांच्या बाबतीत नोकरीने चित्राचा वेळ घेतला हे खरे, पण चित्राला काही दिलेही. नोकरी निवडताना मात्र पगाराइतकेच महत्त्व दिवसातील मोकळ्या तासांना द्यावे, असे मला वाटते.

आता धीराविषयी. विक्री, निवड, पुरस्कार यांचा काळ आपल्या हातात नसतो. मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रदर्शन मिळावे म्हणून चित्रकार अर्ज करून काही वर्षे थांबतात. दालन मिळेपर्यंत अर्जासोबत पाठवलेली चित्रे चित्रकाराच्या दृष्टीने जुनी झालेली असतात. परीक्षक मंडळाला मर्यादित वेळात पुष्कळ कामे पाहायची असतात आणि नकाराचे कारण बहुतेक वेळा कळवले जात नाही. अशा उत्तरावर आपल्या कामाची प्रगती मोजत बसलो, तर माणूस खचणारच. म्हणून मोजायला दुसरे काहीतरी हवे.

मी प्रत्येक कागदाच्या मागे तारीख, वेळ, वापरलेले रंग आणि काय बिघडले, एवढे लिहिते. एका दालनाने माझी ६ चित्रे १४ महिने ठेवून घेतली आणि त्यांपैकी २ बुरशी लागलेल्या अवस्थेत परत केली. त्यानंतर महिनाभर मला रंगपेटी उघडावीशी वाटली नाही. अखेर एका रविवारी मी वर्षभराचे सगळे कागद तारखेनुसार जमिनीवर मांडले. सुरुवातीच्या बहुतेक चित्रांत पाण्यातील सावल्या मळकट झाल्या होत्या आणि त्यामागचे कारण माझ्याच नोंदींत होते: रंग अर्धवट ओला असताना मी भरलेला ब्रश पुन्हा त्यावर फिरवत असे, त्यामुळे डाग फुटत. दिवाळीनंतरच्या कागदांवर ती चूक कमी होत गेली होती आणि फेब्रुवारीतील एका चित्रात पाणी खरोखर पाण्यासारखे दिसत होते. ते चित्र कोणी विकत घेतले नव्हते, कोणी पाहिलेही नव्हते. तरीही त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पुढे पहिल्या प्रदर्शनातही झाला नाही. समाजमाध्यमांवर मिळणाऱ्या पसंतीतून हे कळत नाही, कारण तिथे चित्र बोटभर आकाराचे दिसते.

दुसरा आधार सोबतीचा. आम्ही तिघी दर रविवारी सकाळी साडेसहाला घाटावर जमतो. मन नसले तरी मी जाते, कारण दोघी वाट पाहत असतात. आणि एकदा कागद ओला केला की मन आहे की नाही, हा प्रश्न उरत नाही. उन्हाची दिशा दोन तासांत पालटते, त्यामुळे रेंगाळायला सवडही नसते. आपल्या गावात असा एखादा गट नसेल, तर एकच सोबती शोधा, पण वार आणि वेळ ठरवून टाका.

घरच्यांशी बोलताना आकडे मांडा. कागद, रंग, फ्रेम, वाहतूक यांचा खर्च आणि आलेले पैसे मी एका वहीत लिहीत असे. ती वही वडिलांपुढे ठेवली, तेव्हा आमचे वाद थांबले नाहीत, पण निदान नेमक्या गोष्टीवर होऊ लागले.

राज्य कला प्रदर्शनासाठी तिसऱ्यांदा पाठवावे का, असेही आपण विचारले आहे. अवश्य पाठवा, मात्र नुकतेच पूर्ण केलेले चित्र पाठवू नका, कारण त्यामागची मेहनत ताजी असताना त्यातील उणिवा दिसत नाहीत. निवडलेली ४-५ चित्रे महिनाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग एका सकाळी ती एकदमच सुलटी करा आणि नजर ज्या चित्राकडे पुन्हा पुन्हा वळेल, ते साध्या फ्रेममध्ये बसवून पाठवा.